बिडकर काकांची सम तारीख

बिडकर काका सम तारखेला माझे जिवलग शेजारी असायचे आणि विषम तारखेला मला ओळखायचे नाहीत.

हे कळायला मला चार दिवस लागले. वैजापूरहून नोकरीसाठी आलो आणि गारखेड्यातल्या एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेतली, तो दिवस अकरा तारखेचा होता. गादी, बादली आणि आईनं दिलेला लोणच्याचा डबा असा सगळा संसार जिन्यातून वर ओढत होतो. तेवढ्यात समोरचं दार फटीएवढं उघडलं. फटीत एक चष्मा, त्याखाली पांढरी मिशी, त्याखाली निळ्या चौकड्यांचा शर्ट.

"नमस्कार काका," मी म्हणालो. "मी गणेश. समोर राहायला आलोय."

"आज अकरा," फटीतून आवाज आला. "आज विषम. नवी ओळख उद्या."

आणि दार बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या दारावर अशी थाप पडली की मला वाटलं इमारतीला आग लागली. उघडून बघतो तर काका. अंगात भडक पिवळा टी-शर्ट, पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर दिवाळी.

"बारा तारीख!" ते म्हणाले. "हं, बोल आता. नाव, गाव, वडील काय करतात, शेतात कांदा की कापूस, रक्तगट कोणता?"

रक्तगट मला माहीत नव्हता. काका मला घेऊन रक्तगट तपासायला निघाले. "मी पण आजवर तपासला नाही," ते जिना उतरताना म्हणाले. "आजची नवी गोष्ट हीच."

तेरा तारखेला जिन्यात भेटले. मी हसलो. विजेच्या मीटरकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातली दुधाची पिशवी घेऊन वर गेले.

चौदाला चहाच्या गाडीवर मला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. काका एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. बोलणं सगळं फायलीतलं. "हे बघ, एक दिवस वाढायचं, एक दिवस मुरायचं. सम तारखेला वाढायचं. त्या दिवशी कधी केलं नाही असं एक तरी काम करायचं. विषम तारखेला मुरायचं. तेच ताट, तेच वरण-भात, तोच शर्ट, तीच खुर्ची. नवा माणूस नाही, नवा वास नाही, नवा विषय नाही. माणसाचं लोणच्यासारखं आहे. सारखी बरणी हलवत बसलास तर मुरणार कधी? आणि नवी कैरी घातलीच नाहीस तर खाणार काय?"

"पण काका, एकतीस तारीख झाली की लगेच एक तारीख येते. दोन्ही विषम."

काकांनी माझ्याकडे फार कौतुकानं बघितलं. "हुशार आहेस. ती जोडविषम. आणि एक लक्षात घे, दोन सम तारखा सलग कधीच येत नाहीत. अख्खं कॅलेंडर चाळ. माणसाला सलग दोन दिवस आराम कधी कधी मिळतो, सलग दोन दिवस धाडस कधीच करावं लागत नाही. ज्यानं कॅलेंडर केलं तो कचेरीत काम केलेला माणूस असणार."

मला ते पटलं. अजूनही त्यात चूक सापडलेली नाही.

नव्या गोष्टीला काकांकडं नोकरीसारखं आधी प्रोबेशन असायचं. सम तारखांना ती सहा महिने तपासायची, मग बैठक घ्यायची (बैठकीत काका एकटेच), आणि ठीक वाटली तर तिला 'कायम' करून विषम तारखेला घरात घ्यायचं. आलं घातलेला चहा कायम झाला होता. ढोबळी मिरचीला मुदतवाढ मिळाली होती. मी विचारलं, "मी कधी कायम होणार?" तर काका चहा फुंकत म्हणाले, "तूर्त जागा रिकामी नाही."

एका सम तारखेला ते मला शहागंजात घेऊन गेले. ठरवलं होतं नान-खलिया खायचा. आता काका जन्माचे शाकाहारी, आणि खलियात मटण. गल्लीच्या तोंडाशी मी हे त्यांच्या कानावर घातलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून आज फक्त नान. खलियाचं पुढच्या जन्मी बघू."

बाकावर बसून त्यांनी ऑर्डर दिली, "एक नान. नुस्ता."

हॉटेलवाले मोठ्या पोटाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. "नुस्ता कैसा खाते चाचा? गले में अटकेगा."

काकांनी पिशवीतून डबी काढली, वाटीत दही मागितलं, त्यात मेतकूट कालवलं आणि नानचा तुकडा त्यात बुडवला. आजूबाजूचे चार जण जेवण थांबवून बघायला लागले. हॉटेलवाल्यांना राहवेना. त्यांनी करंगळीनं चाखून बघितलं.

"भारी है! ये क्या है चाचा?"

काका मेतकुटाला हिंदी शब्द शोधत बराच वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "ये हमारा खलिया है."

पोहण्याचं वेगळंच. ते एका तरणतलावावर नाव घालून आले होते. पण वर्ग एका वाराआड आणि काका एका तारखेआड, त्यामुळं दोन्ही जुळायचं महिन्यात जेमतेम सहा-सात वेळा. शिकवणारा वैतागून म्हणाला, "काका, असं केलं तर तुम्हाला पोहायला यायला दहा वर्षं लागतील."

"मग दहा वर्षं मी बुडणार नाही याची तू खात्री देतोस?"

"म्हणजे?"

"शिकतोय तोवर कंबरेएवढ्याच पाण्यात असणार ना मी?"

पण खरा कहर झाला वाळूजला. आमच्या शिफ्टची बस सकाळी सव्वासहाला चौकातून निघते. मी चढलो की काचेला कपाळ टेकून झोपतो, ते थेट कंपनीच्या दारात उठतो. त्या दिवशीही तसंच उठलो, आत गेलो, कामाला लागलो. साडेनऊला नाश्त्याला कॅन्टीनमध्ये गेलो तर समोरच्या टेबलावर डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून बिडकर काका उपमा खात होते.

"काका!"

"अरे, बस. उपमा बरा आहे. कढीपत्ता कमी पडलाय."

"तुम्ही आत आलात कसे?"

"तुझ्या मागच्या सीटवर बसून आलो. गेटवर त्यानं विचारलं, नवीन का? मी म्हणालो, हो. यात खोटं काय आहे?"

गेटवरच्यानं त्यांना त्या दिवशीच्या नव्या हेल्परांत उभं केलं. तिथून एका माणसानं हेल्मेट दिलं आणि दुसऱ्यानं नटबोल्टांच्या ढिगापुढं बसवलं. काकांनी दोन तासांत तो ढीग आकाराप्रमाणं लावला, प्रत्येक खोक्यावर वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि खाली 'तपासले' म्हणून सही ठोकली. अर्थात ते उघडकीला आलं. सुपरवायझरसमोर मी मान खाली घालून उभा, शेजारी काका ताठ.

"कोण लागतात तुमचे?"

"शेजारी," मी म्हणालो.

"सम तारखेचे," काकांनी दुरुस्ती केली.

सुपरवायझर त्या खोक्यांकडे बघत होता. मला वाटलं, माझी नोकरी गेली. पण त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "काका, चार वर्षांत असं काम मला कुणी करून दिलं नाही. तुमचे कागदपत्र करू रीतसर. उद्या येता का?"

"उद्या?" काका हेल्मेट काढत म्हणाले. "उद्या विषम आहे."

असं सगळं मजेत चाललं होतं. इमारतीत लोक त्यांना 'तारीखवाले काका' म्हणायचे. सोसायटीची सभा विषम तारखेला असली की चिटणीस हसत म्हणायचे, बिडकरांची सही उद्या घ्या. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी हसलं की ते स्वतःहून एखादा नियम वाढवून सांगायचे.

काकू मात्र मला कधी दिसल्या नव्हत्या. गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही, एवढंच इमारतीत सगळ्यांना माहीत. सम तारखांना पडेगावच्या पुढून गयाबाई यायच्या. उंच, काटक, धनगराच्या घरातल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या आल्या की काका बाहेर पडायचे आणि संध्याकाळी काका आले की त्या जायच्या. मला वाटायचं, स्वयंपाकाला येत असतील. गच्चीवर दोरीला कायम निळ्या चौकड्यांचे शर्ट वाळत असायचे, एकसारखे पाच. मी एकदा विचारलं, पाचही सारखेच कसे? काका म्हणाले, "शिंप्यानं मापच एक घेतलं होतं." आणि जोडविषमच्या नंतरची दोन तारीख आली की काका डोळे लाल करून बाहेर यायचे, तलावावरच्या बाकावर बसल्या बसल्या घोरायचे. आराम करून इतका थकलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एका जोडविषमची गोष्ट. आदल्या दिवशी एकतीस झाली होती आणि त्या दिवशी एक तारीख होती. मला दुसरी शिफ्ट होती, सकाळी घरीच होतो. समोरून ताट आपटल्याचा मोठा आवाज आला. पाठोपाठ एका बाईचा.

"कोण आहे हा? अहो! अहो, लवकर या, घरात चोर शिरलाय!"

मी दार उघडून पळत गेलो. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि काकाच बाहेर आले. अंगात पांढरा शर्ट, त्यावर वरणाचा ओघळ, कानाजवळ भाताची शितं. आतून आवाज चालूच होता, "अहो! कुठे गेलात? चोर आहे घरात!"

"गणेश," काका म्हणाले. "गच्चीवर जा. निळा शर्ट आण. कोणताही आण. पळ!"

आज विषम आहे हे सांगायचं त्यांना सुचलं नाही, आणि विचारायचं मला. मी तीन-तीन पायऱ्या टाकत वर गेलो. शर्ट ओले होते, आत्ताच धुतलेले. त्यातला एक ओढून आणला. काकांनी जिन्यातच पांढरा शर्ट काढला, तो ओलाकच्च अंगात चढवला, बटणं एक सोडून एक लागली, आणि आत गेले.

"आलो, आलो. गेला चोर."

आत भिंतीला पाठ लावून काकू उभ्या होत्या. उंच, गोऱ्या, गळ्यात काळ्या दोरीत एक शिट्टी. त्यांनी शर्टाकडे बघितलं, मग वर काकांच्या तोंडाकडे. सगळं अंग सैल पडलं.

"कुठे होतात हो? केवढी घाबरले मी."

"त्याला जिन्यापर्यंत सोडून आलो."

"मारलंत की नाही?"

"दोन दिल्या."

काकू हसल्या. मग दारात त्यांना मी दिसलो आणि हसू गेलं. हात पुन्हा भिंत चाचपायला लागला. "आणि हा? हा कोण?"

काकांची पाठ एकदम ताठली. मग म्हणाले, "नवा विद्यार्थी आहे बाई. नाव घालायला आलाय."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "उशिरा आलास. केस वाढलेत. हे काय उभं राहणं झालं? सावधान!"

मी सावधान झालो.

"विश्राम! सावधान! अहो, तुम्ही पण या रांगेत. उगीच बघत काय उभे?"

त्या बैठकीच्या खोलीत काका आणि मी वीस मिनिटं कवायत केली. एक-दोन, एक-दोन. काकांच्या शर्टाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि काकू म्हणत होत्या, "हात खांद्याच्या रेषेत! कोपर वाकलं!" मी आयुष्यात इतक्या मनापासून हात वर केला नसेल. शेवटी त्या वेताच्या खुर्चीत टेकल्या आणि दोन मिनिटांत त्यांना झोप लागली.

आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसलो. काका नानच्या चवीबद्दल बोलावं तितक्या साधेपणानं बोलायला लागले.

"मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होती ती. शहरातल्या निम्म्या बायका तिच्या शिट्टीवर धावलेल्या आहेत. चार वर्षं झाली, विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. आता नवं काही दिसलं की घाबरते. नवा चेहरा, नवा वास, खोलीतली हललेली खुर्ची. मी ओळखू येतो तो या शर्टानं. आज सकाळी ते सगळेच वाळत होते, म्हटलं पाच मिनिटं पांढरा घालू."

"आणि तारखा?"

"गयाबाईला रोज जमत नाही. एक दिवस शेळ्या तिच्याकडं, एक दिवस तिच्या जावेकडं. एकाआड एक म्हटलं की घोळ व्हायचा, म्हणून मी सम तारखा लावून दिल्या. ती येते तेव्हा मी सुटतो."

"काका, एवढं सगळं असून तुम्ही लोकांना ते लोणचं, ते मुरणं..."

"अरे, तिला पोरी किती घाबरायच्या तुला सांगू? आता त्यांनीच येऊन तिच्याकडं बघून अरेरे म्हणायचं? त्यापेक्षा मला येडा म्हणा. मला काय, मजा येते." त्यांनी ओल्या शर्टाची बटणं नीट लावायला घेतली. "तुला आज विषम तारखेला घरात घेतलं. कागद करावा लागेल. कायम झालास."

मी विचारलं, "मग सम तारखेला हे पोहणं, वाळूज... नुसतं घरी झोपायचं तरी."

"तिला सांगायला लागतं ना काहीतरी!" काका म्हणाले. "विषम तारखेला दिवसभर दोघंच. मी गोष्ट सांगतो. वाळूजचं हेल्मेट अठरा वेळा सांगितलं. अठराही वेळा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली. तिला तेच चालतं रे. मला कंटाळा येतो सांगून सांगून. म्हणून नवीन आणावी लागते."

दुसऱ्या दिवशी गयाबाई आल्या. काकू त्यांना शाळेतली शिपाईबाई समजायच्या आणि घंटा वेळेवर दिली का म्हणून विचारायच्या. "व्हय म्याडम, दिली," म्हणत गयाबाई भाकरी थापायच्या. आदल्या दिवशीचं ऐकून त्या म्हणाल्या, "सायेब, त्यास्नी चार भितींत कोंडून ठिवलंय तुमी. आमच्याकडं आना की एक डाव. मोकळं रान हाय, शेरडं हायती."

काकांचा चेहरा उतरला. "नको. नवी जागा. ती घाबरेल."

मी बघत राहिलो. साठी उलटल्यावर कंपनीच्या गेटमधून बिनधास्त आत शिरलेला हा माणूस पंधरा किलोमीटरवरच्या रानाला भ्याला होता.

"अवो, शेरडू बी नव्या रानात न्यायचं आसंल तर एकलं नाय जात," गयाबाई म्हणाल्या. "बुजतं. त्याच्यासंगं रोजचं काय तरी सोडावं लागतं. तुमी म्याडमसंगं घर आना."

"घर?"

"व्हय. समदं उचला."

काकांनी दोन दिवस यावर विचार केला. कागदावर यादी केली. आणि पुढच्या सम तारखेला आमच्या दारात गयाबाईंच्या पुतण्याचा छोटा टेम्पो आला. त्यात वेताची खुर्ची चढली, उशी चढली, हिरव्या फुलांची चादर चढली, भिंतीवरचं घड्याळ चढलं, त्याशेजारचं कॅलेंडर चढलं, रेडिओ, पाण्याचा तांब्या आणि वरण-भाताचा डबा. चिटणीसांनी खिडकीतून विचारलं, "काय बिडकर, घर सोडता की काय?" काका म्हणाले, "नाही, घर फिरवून आणतो."

रानात बाभळीखाली आम्ही बैठकीची खोली मांडली. मी फांदीला खिळा ठोकून घड्याळ लावलं. "डावीकडं," काका ओरडत होते, "अजून डावीकडं, दाराच्या बाजूला!" दार कुठं आहे हे फक्त त्यांनाच दिसत होतं. खाली चादर अंथरली, खुर्ची तिच्या नेहमीच्या कोनात ठेवली आणि मग काका काकूंना टेम्पोतून उतरवून घेऊन आले.

काकू थांबल्या. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि काकांचा दंड इतका घट्ट धरला की शर्टाच्या चौकड्या वाकड्या झाल्या. गयाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. काकूंनी घड्याळ बघितलं. खुर्ची बघितली. काकांचा शर्ट बघितला. पुन्हा घड्याळ. आणि हळूहळू जाऊन खुर्चीत बसल्या.

"पंखा लावलात वाटतं," त्या म्हणाल्या. वारा सुटला होता.

"हो," काका म्हणाले. "दोनवर आहे."

मग शेळ्या आल्या. वीस-पंचवीस असतील. एकीनं सरळ कॅलेंडर गाठलं आणि दहा तारखेपासून पुढचा महिना खाऊन टाकला. मी हाकलायला धावलो तर काका म्हणाले, "खाऊ दे रे." त्यांचं लक्षच नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.

काकू खुर्चीतून उठल्या होत्या. गळ्यातली शिट्टी तोंडाला लावून त्यांनी अशी फुंकली की पलीकडच्या रानातलं कुत्रं भुंकायचं थांबलं.

"एका रांगेत! कोण ते मागं गवत खातंय?"

शेळ्या कशाला ऐकतात? पण गयाबाई हुशार. त्यांनी मागून जिभेनं टिचक्या वाजवत "हुर्र, हुर्र" केलं, आणि पाण्याची वेळ झालेली असल्यानं सगळा कळप एकामागोमाग एक काकूंसमोरून हौदाकडं चालायला लागला. काकू छाती काढून उभ्या. प्रत्येक शेळीकडे बघून मान हलवत होत्या. शेवटचं लंगडं करडू गेलं तेव्हा म्हणाल्या, "याला आज धावायला लावू नका. पाय दुखतोय त्याचा." मग काकांकडे वळून, "शिस्त आहे हो या वर्गाला."

जेवताना त्यांनी वरण-भात खाल्ला आणि कुणी काही म्हणायच्या आत गयाबाईंच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला. काका पाणी प्यायचं निमित्त करून हौदाकडं गेले आणि बराच वेळ शेळ्यांत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी विषम तारीख. मी आता कायम असल्यानं सकाळी समोर जाऊन, कवायत करून, खाली चटईवर बसलो होतो. घड्याळ भिंतीवर, काकू खुर्चीत, काका निळ्या शर्टात. काका शेंगा सोलत गोष्ट सांगत होते. नवी होती, त्यामुळं रंगात आले होते. टेम्पो सांगितला, बाभळीवरचं घड्याळ सांगितलं, शेळीनं खाल्लेला महिना सांगितला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मग त्या बाई उठल्या," काका म्हणाले, "आणि मारली शिट्टी! सगळ्या शेळ्या रांगेत. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि शेवटी एक लंगडं करडू होतं, तर म्हणतात कशा, याला आज धावायला लावू नका."

काकूंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं आणि विचारलं, "कोण हो ही बाई?"

काकांच्या हातातली शेंग थांबली.

"आहे एक," ते म्हणाले. "ओळखीची."

"चांगली दिसते हो. मला भेटवा की एकदा."

"हो," काका म्हणाले. "भेटवतो ना."

आणि शेंगांची टरफलं गोळा करून ते वरणाला फोडणी घालायला आत गेले.